जुन्या स्टीरिओच्या पाठीमागे

सोसायटीच्या फाटकाशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर एक स्टीरिओ चढताना दिसला. डबल कॅसेट डेक, हलत्या सुयांचे दोन मीटर, अॅल्युमिनियमचं जाडजूड व्हॉल्यूमचं बटण आणि सुतळीने एकमेकांना बांधलेले लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर. देणाऱ्या काकांचं म्हणणं एवढंच होतं, "कॅसेटच मिळत नाहीत हो आता. ठेवून करायचं काय?" भंगारवाल्याने संच एका बाजूने उचलून पाहिला. ट्रान्सफॉर्मर जड आहे हे त्याच्या हाताला लगेच कळलं, आणि सौदा मिटला. ते दृश्य नंतर बरेच दिवस डोक्यातून जाईना. भंगारवाला पैसे मोजत होता ते ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचे आणि पाठीमागच्या हीटसिंकच्या अॅल्युमिनियमचे. त्या संचाचा दमदार आवाज येत होता तोही याच दोन गोष्टींच्या जिवावर. कॅसेट गेली म्हणजे त्या डब्यातला एक कोपरा गेला. अॅम्प्लिफायर, स्पीकर, वीजपुरवठा सगळं जागेवर होतं. मोबाइल किंवा खिशातला प्लेयर त्याला जोडायला हव्या होत्या फक्त दीड मीटर तारेच्या दोन टोकांच्या पिना.

ती तार कुठे लावायची, हा प्रश्न मात्र वाटतो तितका साधा नाही. चुकीच्या जागी लावलेल्या तारेने अनेक चांगले संच बदनाम झालेत. "जुना आहे, आवाज फाटतो", "घरघर करतो", "एकाच बाजूने वाजतो" या तिन्ही तक्रारींमध्ये बहुतेक वेळा संचाचा काहीच दोष नसतो. म्हणून आधी संच भिंतीपासून पुढे ओढावा, पाठ उजेडाकडे करावी आणि मागे काय लिहिलंय ते टॉर्च धरून नीट वाचावं. वर्षानुवर्षांची धूळ, कोळ्याची जाळी, एखाददुसरं वाळलेलं झुरळ हे सगळं मऊ ब्रशने बाजूला केलं की खाली पांढऱ्या अक्षरांत नावं सापडतात: फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप.

आपल्या कामाची जागा म्हणजे ऑक्स, बाहेरचं यंत्र जोडण्यासाठी ठेवलेली. ती नसेल तर ट्यूनर. तीही अडलेली असेल तर टेपच्या दोन जोड्यांपैकी जिथे 'प्ले' किंवा 'इन' लिहिलंय ती. या तिन्ही जागा विजेच्या दृष्टीने जवळपास सारख्याच असतात. साधारण दीडशे ते दोनशे मिलिव्होल्ट मिळाले की अॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने वाजतो. खिशातल्या प्लेयरच्या हेडफोनच्या भोकातून, आवाज वर नेला तर, एक व्होल्टच्या आसपास मिळतो. म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. "मोबाइलमध्ये एवढा दम कुठला?" ही शंका त्यामुळे निराधार आहे. स्पीकर हलवायचं काम अॅम्प्लिफायर करतो, प्लेयरने फक्त आकार द्यायचा असतो.

फोनोला मात्र हात लावू नये. ती जागा टर्नटेबलच्या चुंबकी कार्ट्रिजसाठी आहे, आणि त्यातून येतात जेमतेम अडीच-तीन मिलिव्होल्ट. तिथे प्लेयर जोडला की कित्येक पट मोठा सिग्नल आत शिरतो. शिवाय फोनोच्या आत तबकडीसाठीचं खास आवाजवळण बसवलेलं असतं. तबकडी कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, ते परत सरळ करण्यासाठी हे सर्किट हजार हर्ट्झच्या तुलनेत वीस हर्ट्झपाशी सुमारे वीस डेसिबल चढवतं आणि वीस हजार हर्ट्झपाशी तेवढंच उतरवतं. प्लेयरचं गाणं आधीच सरळ असल्यामुळे त्यात तबल्याचा डग्गा ढोलासारखा फुगतो, गायकाच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं वाटतं आणि जरा आवाज वाढवला की सगळं फाटतं. असा अनुभव घेऊन "जुन्या मशीनला नवीन गाणी सोसत नाहीत" असा निष्कर्ष काढणारी माणसं सर्रास भेटतात. तार एक खण बाजूला सरकवली असती तर काम झालं असतं.

तार स्वतः फार स्वस्त वस्तू आहे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही टपरीवजा दुकानात "ईपी स्टीरिओ टू आरसीए" म्हटलं की पुढे येते. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची ईपी पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी अशा दोन आरसीए पिना. लाल उजवी, पांढरी डावी. काही जुन्या तारांवर पांढऱ्याऐवजी काळी असते, तीही डावीच. विकत घेताना दोन गोष्टी बघाव्यात. पिनेच्या मुळाशी तार वाकवून पाहावी, ती लगेच बारीक होऊन मोडेल अशी नको. आणि ईपी पिनेवर काळे पट्टे किती आहेत ते मोजावं. दोन काळे पट्टे म्हणजे तीन भाग, टोक डाव्याचं, मधली रिंग उजव्याची, बूड जमिनीचं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सामाईक परतीच्या तारेचं. ही आपल्याला हवी असलेली पिन. तीन पट्टे असलेली पिन म्हणजे माइकसकटचा हेडफोन किंवा व्हिडिओची तार. व्हिडिओच्या तारेत जमिनीची जागा निर्माता बदलला की बदलते, आणि मग गाण्यातलं संगीत ऐकू येतं पण गायक गायब होतो. हे भुताटकीसारखं वाटलं तरी कारण सरळ आहे. जमिनीची तार न मिळाल्यामुळे दोन बाजूंमधला फक्त फरक ऐकू येतो, आणि गायक दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने वजा होतो. हेडफोनची पिन अर्धवट बसल्यावरही हेच होतं. मोबाइलचं जाड कव्हर आड येत असेल तर कव्हर काढून पिन 'टक्' आवाज येईपर्यंत दाबावी.

ज्या फोनना आता गोल भोकच नाही त्यांना टाइप-सी टू ईपी तुकडा लागतो. हे तुकडे दोन जातीचे असतात. एकाच्या आत आकड्यांचा आवाज करणारी छोटी चिप, म्हणजे डॅक, असते, दुसऱ्यात नुसती तार. नुसत्या तारेवाला तुकडा फोननेच आवाज बाहेर दिला तरच वाजतो, आणि पुष्कळ फोन तो देत नाहीत. दुकानात "डॅकवाला द्या" असं स्पष्ट सांगावं.

जुन्या आयपॉडवाल्यांची चैन वेगळीच. २००३ पासून साधारण २०१२ पर्यंतच्या आयपॉडना, शफलसारखे लहान अपवाद सोडले तर, खाली तीस पिनांचं रुंद सॉकेट असायचं आणि त्यातल्या पिनांवर व्हॉल्यूमच्या बटणाला वळसा घालून थेट आवाज काढता यायचा. डिस्कमनच्या बऱ्याच मॉडेलांना तर 'लाइन आउट' नावाचं स्वतंत्र भोकच होतं. असं भोक असेल तर हेडफोनच्या भोकाकडे बघूही नये. लाइन आउटमधून येणारा आवाज ठरलेल्या पातळीचा, स्वच्छ, आणि खिशात बटण दाबलं गेलं तरी न बदलणारा असतो. कपाटात पडलेल्या अशा प्लेयरची बॅटरी अजून धरत असेल तर जुन्या स्टीरिओसाठी तो मोबाइलपेक्षा उत्तम जोडीदार. त्यात फोन येत नाहीत.

हेडफोनच्याच भोकातून जोडायचं असेल तर पातळी जुळवणं आलं. प्लेयरचा आवाज सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवावा आणि खोलीत किती मोठ्याने वाजायला हवं ते अॅम्प्लिफायरच्या बटणाने ठरवावं. उलट केलं, म्हणजे प्लेयर मंद आणि अॅम्प्लिफायर पूर्ण सोडलेला, तर गाण्याबरोबर तारेतली आणि संचातली सगळी सळसळही तितकीच मोठी होते. प्लेयर शंभर टक्क्यांवर नेला तर काही फोनचा हेडफोन-अॅम्प्लिफायर शेवटच्या टोकाला आवाजाच्या लहरींचे शेंडे कापायला लागतो. फोनमधलं इक्वलायझर आणि 'बास बूस्ट' बंद करावं. बास वाढवायचाच असेल तर त्या अॅल्युमिनियमच्या बटणाला वाढवू द्यावा, ते त्याच कामासाठी आहे. दिवेलागणीनंतर मंद आवाजात ऐकताना 'लाउडनेस'चा खटका मात्र जरूर दाबून पाहावा. कमी आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे जाणणाऱ्या माणसांनी तो खटका बसवलाय. आजच्या फारशा यंत्रांवर तो दिसत नाही.

आणि सगळं बरोबर जोडूनही आवाज आलाच नाही तर?

पुढच्या बाजूला 'टेप मॉनिटर' नावाचं बटण शोधावं. ते आत दाबलेलं असेल तर अॅम्प्लिफायर ऑक्स-ट्यूनर सगळं सोडून फक्त टेपच्या सॉकेटकडे कान लावून बसतो. धूळ पुसताना कुणीतरी ते नकळत दाबतं, आणि संच बंद पडला म्हणून कोपऱ्यात जातो.

फिलिप्स, ग्रुंडिग अशा युरोपीय वळणाच्या जुन्या संचांवर बहुधा आरसीए सॉकेट नसतात. तिथे पाच भोकांचं गोल डिन सॉकेट असतं आणि ते पाहून बहुतेक जण हात टेकतात. खरं तर ते समजायला फार सोपं आहे. अर्धवर्तुळात पाच पिना, त्यांचे क्रमांक ओळीने एक, चार, दोन, पाच, तीन असे विचित्र. मधली दोन नंबरची नेहमी जमीन. एका बाजूच्या दोन पिना, म्हणजे तीन आणि पाच नंबरच्या, या आत येणाऱ्या आवाजाच्या: तीन डावी, पाच उजवी. दुसऱ्या बाजूच्या दोन पिना, म्हणजे एक आणि चार नंबरच्या, या टेपच्या सॉकेटात बाहेर जाणाऱ्या, रेकॉर्डिंगसाठी. क्रमांक पिनेच्या आतल्या प्लास्टिकवर प्रत्येक पायाशेजारी कोरलेले असतात, भिंगातून दिसतात. पुढून पाहिलं की मागून यात बाजू उलटते आणि गोंधळ होतो, तरी घाबरण्याचं कारण नाही. चुकून एक-चारवर जोडलं तर फारतर आवाज येणार नाही, काही जळणार नाही. उघडून दुसऱ्या बाजूला सोल्डरचा डाग द्यायचा. एक सावधगिरी मात्र हवी. कीबोर्डवाल्यांची मिडी केबल हुबेहूब याच पिनेची असते आणि ती कापून वापरण्याचा मोह होतो. मिडीच्या तारेत बहुधा दोन, चार आणि पाच एवढ्याच पिना जोडलेल्या असतात. तीन रिकामी, म्हणजे डावी बाजू मुकी. त्यापेक्षा सुटी डिन पिन आणि शील्डेड तार आणून तीन डाग स्वतः द्यावेत. प्लास्टिक लवकर वितळतं, म्हणून पिन रिकाम्या सॉकेटात खोचून ठेवून सोल्डरिंग करावं. पाय तापून मऊ झाले तरी जागेवरून हलत नाहीत.

काही डिन सॉकेटांमध्ये आवाज व्हॉल्यूमच्या बटणाआधीच एका ट्रान्झिस्टरमधून जातो. तिथे एक व्होल्ट दिला की बटण कितीही कमी करा, आवाज चिरकाच. अशा वेळी प्रत्येक बाजूच्या तारेत सत्तेचाळीस किलोओहमचा रेझिस्टर ओळीत आणि त्यापुढे संचाच्या बाजूला जमिनीशी दहा किलोओहमचा लावावा. एक व्होल्टचे पावणेदोनशे मिलिव्होल्टच्या आसपास होतात आणि संच सुखावतो. चार रेझिस्टर पिनेच्या पोटातसुद्धा मावतात.

ज्यांच्याकडे एकच स्पीकरचं यंत्र आहे, म्हणजे गणेशोत्सवात मांडवामागे असतो तसा आहुजाचा अॅम्प्लिफायर किंवा मोनो टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र), त्यांनी डाव्या-उजव्या तारा नुसत्या पिळून एकत्र करू नयेत. प्लेयरचे दोन अॅम्प्लिफायर एकमेकांविरुद्ध ढकलाढकली करतात. दोन्ही तारांत पाचशे ते हजार ओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग त्या जोडाव्यात. जाड पी-३८ पिनेला स्टीरिओचा तुकडा लावून थेट घुसवला तरी एक बाजू जमिनीला टेकते आणि भजनातला अर्धा वाद्यवृंद गायब होतो. मांडवात दुसरी नेहमीची चूक म्हणजे मोबाइल माइकच्या सॉकेटात लावणं. ते सॉकेट एखाद्या मिलिव्होल्टसाठी असतं. ऑक्स शेजारीच असतो. आरतीच्या वेळी कर्कश फाटणारा आवाज ऐकला की हेच झालंय असं समजावं.

आता घरघर. हा विषय सगळ्यांत नाजूक, आणि गाणं ऐकणाऱ्याला सगळ्यांत त्रास देणारा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. संचाच्या आतले फिल्टरचे मोठे कंडेन्सर सुकले की त्यातून शंभर हर्ट्झची गुणगुण निघते. काळी एक या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्यात पंचमाची तार एकशे चार हर्ट्झच्या जवळ लागते. म्हणजे ही गुणगुण त्या पंचमाच्या जरा खाली, सतत. पांढरी एकला गाणाऱ्यांचा पंचम अठ्ठ्याण्णवपाशी असतो, तिथे तीच गुणगुण किंचित चढी. कान तयार असलेल्या माणसाला विलंबित ऐकताना का अस्वस्थ वाटतं, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. गायक सुरात असतो, तानपुरा सुरात असतो, आणि खोलीत तिसरा कुणीतरी बेसूर पंचम धरून बसलेला असतो.

ही गुणगुण कुठून येते ते शोधायची रीत ठरलेली आहे. तार काढून टाकावी, व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरीही गुणगुण असेल तर दोष संचाच्या वीजपुरवठ्यात. जाणत्या मेकॅनिककडून कंडेन्सर बदलून घ्यावेत. तार काढल्यावर शांतता आणि जोडल्यावर गुणगुण असेल तर बहुधा प्लेयर चार्जरला लावलेला असतो. चार्जर काढून बॅटरीवर वाजवून पाहावं, दहातल्या आठ वेळा प्रश्न तिथेच संपतो. दोन पिनांचे चार्जर जमिनीला जोडलेले नसतात, आतल्या एका लहान कंडेन्सरमधून थोडी वीज बाहेरच्या धातूवर झिरपते. कधीकधी संचाच्या पत्र्याला बोट लावल्यावर मुंग्या येतात त्या याच. ब्लूटूथचा डबा लावणाऱ्यांनीही तो स्वस्त अडॅप्टरऐवजी पॉवर बँकेवर चालवून पाहावा. चार्जर लावणं भागच असेल तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असलेली डबी तारेच्या मध्ये घालावी. गाणं पुढे जातं, जमिनीचा संबंध तुटतो. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय लोक सांगतात. तो धोक्याचा आहे, कुणीही करू नये.

घरघरीचा आणखी एक प्रकार म्हणजे मध्येच 'टडक टडक टडक' असा येणारा आवाज. तो टूजी नेटवर्कशी बोलणाऱ्या फोनचा. त्याचे स्फोट सेकंदाला दोनशे सतरा वेळा होतात आणि जुन्या संचाच्या तारा ते अँटेनासारखे झेलतात. फोन विमान मोडवर टाकला की बंद.

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. आजोबांच्या मर्फी-बुशच्या काळातल्या अनेक रेडिओंना मागे पिकअपची दोन भोकं असतात आणि तिथे मोबाइल जोडावा असं वाटणं साहजिक आहे. पण त्या काळात डीसी विजेच्या भागांतही चालावेत म्हणून एसी-डीसी रेडिओ बनत. त्यांत ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि आतला पत्रा थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेला असतो. पिन उलटी बसली की पूर्ण दोनशे तीस व्होल्ट त्या पत्र्यावर, तिथून आपल्या तारेवर, तिथून हातातल्या फोनवर. व्हॉल्व्हवरचे क्रमांक 'यू'ने सुरू होत असतील, यूसीएच, यूएल, यूवाय असे, तर तो रेडिओ याच जातीचा. त्याला काहीही जोडू नये. शंका असेल तरीही नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेला कुठलाही संच थेट भिंतीतल्या प्लगात खोचू नये. आखातातून आणलेल्या संचांना मागे व्होल्टेजचा सिलेक्टर असतो, तो एकशे दहावर नाही ना ते आधी बघावं. मग मेकॅनिककडे असतो तसा सिरीज बोर्ड वापरावा: संचाच्या ओळीत साठ किंवा शंभर वॅटचा जुन्या तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. स्पीकर काढून ठेवावेत. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत सगळं ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि संच जळण्याआधी आपल्याला कळलं. बल्ब मंद झाल्यावर मल्टीमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजावं. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंतपणे स्पीकर जोडावेत. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर नाही, आत दोष आहे. थोड्याच वेळात तापलेल्या धुळीचा तो ओळखीचा, किंचित गोडसर वास येतो. तो चिंतेचा नाही. माशासारखा किंवा तिखट वास आला तर तात्काळ बंद करावं.

बटण फिरवताना खरखर येते ती आतल्या कार्बनच्या पट्टीवर जमलेल्या काजळीची. वीज काढून, बटणाच्या मागच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवावं. बिजागरीचं गंजनाशक तेल मारू नये. आज खरखर जाते, पुढच्या पावसाळ्यात दुप्पट होऊन येते. कोकणातल्या दमट हवेत सॉकेटांवर हिरवट थर चढतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने निघतो. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामाच जातो.

ज्या संचाला मागे एकही सॉकेट नाही, नुसता टू-इन-वन आहे, त्यासाठी कॅसेट अडॅप्टर. कॅसेटच्याच आकाराचं खोकं, त्यात एक हेड, आणि त्यातून निघालेली तार. वरकरणी चुटकीसारखा उपाय, पण त्याच्या खोड्या आहेत. टेपची सळसळ दाबणारं डॉल्बी बंद हवं, नाहीतर वरचे सूर मरतात. टेपचा प्रकार 'नॉर्मल'वर हवा. डेकचा बेल्ट चांगला हवा. बेल्ट गाण्याचा वेग बिघडवेल म्हणून नव्हे, वेग तर प्लेयरच ठरवतो. पण चकरी फिरत नाही असं वाटलं की डेक स्वतःहून थांबतो. जुने बेल्ट वितळून डांबरासारखे चिकटतात, ते स्पिरिटने खरवडून नवीन घालावे लागतात. दरवाजा तार चिरडत असेल तर त्याची पुढची पट्टी वर सरकवून काढता येते, हेड पुसण्यासाठी ती तशीच ठेवलेली असते. हाताला सवय असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे संच उघडून व्हॉल्यूम पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) वरच्या पायावर दोन्ही बाजूंना एकेक मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून आवाज देणं, आणि खटक्याचा ईपी सॉकेट वापरून पिन घातली की डेकचा आवाज आपोआप तुटेल असं करणं. अर्ध्या तासाचं काम, आणि आवाजातला फरक पहिल्या मिनिटात कळतो.

मोठ्या स्पीकरसमोर फायलींचं पितळही उघडं पडतं. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर गोड वाटणारी एकशे अठ्ठावीस केबीपीएसची एमपीथ्री इथे तानपुऱ्याची जवारी विस्कटते आणि टाळांचा नाद पाण्यात भिजल्यासारखा करते. दोनशे छप्पन्नच्या वर ही तक्रार राहत नाही. स्पीकरच्या तारा उलटसुलट लागल्या असतील तर तेही आत्ता कळतं. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून ऐकताना गायक समोर उभा राहायला हवा. तो खोलीभर विरघळला असेल आणि डग्गा पोकळ वाटत असेल तर कुठल्या तरी एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा अदलाबदल कराव्यात. मग गायक जागेवर येऊन बसतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर पंचेचाळीस मिनिटांना बाजू संपायची आणि भर द्रुतमध्ये खटका पडायचा. आता तो ख्याल शेवटपर्यंत सलग ऐकता येतो, हे मला या सगळ्या खटाटोपाचं मोठं सुख वाटतं. त्याच वेळी बाजू उलटायला उठणारं माणूस, त्या मिनिटभरात होणारं बोलणं, हे गेलं याची चुटपुटही लागते. दोन्ही खरं आहे.

आणि एक तार उलट्या दिशेनेही लावता येते. टेपच्या जोडीतला 'रेक' किंवा 'आउट', डिनमध्ये एक आणि चार, तिथून आवाज बाहेर घेऊन संगणकात भरता येतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नये, लाइन-इन असलेला यूएसबी साउंड कार्डचा तुकडा घ्यावा. ऑडॅसिटी फुकट मिळतं. चव्वेचाळीस हजार शंभर हर्ट्झ, सोळा बिट, आवाजाचं टोक उणे सहा डेसिबलच्या आसपास. पंचेचाळीस मिनिटांची बाजू पावणेपाचशे एमबीच्या थोडी वर जाते, त्यामुळे आधी जागा करून ठेवावी. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवावी, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. फितीमागचा नमद्याचा चिमुकला तुकडा निखळला असेल तर आवाज दबका येतो, तो डिंकाने नव्हे तर पातळ दुतर्फा टेपने परत बसवावा. बाजारातल्या कंपनीच्या कॅसेटना घाई नाही, त्यातलं बरंचसं आज कुठे ना कुठे मिळतं. आधी घरी भरलेल्या घ्याव्यात: बारशाच्या, ओव्यांच्या, रेडिओवरून धरलेल्या मैफलींच्या. फाइलला नाव देताना कॅसेटच्या कागदावर पेनाने जे लिहिलेलं असेल ते शुद्धलेखनासकट जसंच्या तसं उतरवावं, आणि त्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवावा.